‘चालंल’ नावाचा पदार्थ

पाचूबंदरच्या युजीनच्या घरी जेवणाच्या टेबलावर काटा डावीकडे आणि सुरी उजवीकडे मांडलेली असते. जेवायला काय, तर बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. काट्याने बोंबील खाणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे हे युजीनलाही ठाऊक आहे, पण हात ऐकत नाहीत. उभी हयात त्याने पॅसेंजर बोटीच्या डायनिंग सलूनमध्ये काढली. आधी वेटर, मग हेड वेटर. रिटायर होऊन घरी बसला तरी नॅपकिनचा पंखा केल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. त्याची बायको क्लेमेंटीन तो पंखा रोज उलगडते आणि त्यानेच टेबल पुसते.

क्लेमेंटीन मासे विकायची. वसईच्या बाजारात तिची ठरलेली जागा होती आणि तिच्यापुढे भाव करायला आलेलं गिऱ्हाईक निमूट पिशवी उघडून उभं राहायचं. नवरा आठ-नऊ महिने समुद्रात, दोन महिने घरी, असा संसार तिने एकहाती ओढला. गावातल्या बाया विचारायच्या, ‘क्लेमी, पाहुना कवा येतो?’ पाहुणा म्हणजे नवरा. त्यात चेष्टा होती, पण खोटंही नव्हतं. तो यायचा तेव्हा घरात सणासारखं रांधलं जायचं, आणि तो गेला की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा टोपली.

युजीन संध्याकाळी ओट्यावर बसतो. समोर खाडीत मासळीच्या होड्या लागलेल्या असतात, पण त्याला दिसते ती त्याची बोट. काय तो थाट होता! फॉर्मल नाइट असली की झुंबरं लखलखायची, कोपऱ्यात पियानो वाजायचा, बाया जमिनीवर लोळणारे झगे घालून जिना उतरायच्या आणि सगळं सलून अत्तराने भरून जायचं. खालून समुद्र हळूच अंग हलवायचा, आणि दोन्ही हातांत सुपाच्या थाळ्या घेऊन युजीन त्या हलण्याबरोबर गुडघ्यातून झुकत चालायचा. थेंब सांडायचा नाही. शेवटच्या रात्री दिवे मालवायचे आणि सगळे वेटर भाजलेल्या आइस्क्रीमचे डोंगर हातांवर तोलत रांगेने आत यायचे. पॅसेंजर उभे राहून डोक्यावर नॅपकिन गरगरा फिरवायचे. कुठल्याकुठल्या देशांचे म्हातारे त्या वेळी पोरांसारखे ओरडायचे. नॉर्वेकडे गेलं की सूर्य मावळायचाच नाही. पॅसेंजर डेकवर कोट घालून तो बघत उभे राहायचे आणि युजीन गॅलीतल्या, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातल्या, वाटोळ्या खिडकीतून चोरून बघायचा. त्याची झोपायची केबिन पाण्याच्या पातळीखाली होती. तिथे खिडकीच नव्हती.

हे सगळं कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटायचं. सांगायला माणूस घरात होतं, पण ते माणूस ‘हं’ म्हणायचं आणि लसूण सोलत राहायचं.

कंपनीने मागे एकदा बायकोला आठवडाभर बोटीवर आणायची मुभा दिली होती. तेव्हा रिचेल पोटात होती. पुढच्या खेपेला सासू अंथरुणाला खिळली. त्यापुढे बाजारातली जागा कुणी बळकावेल ही धास्ती. असं करता करता युजीनच रिटायर झाला. आता रिचेल लग्न होऊन गोखिवऱ्याला राहते, नोकरी करते. तिने हौसेने विचारलं, “मम्मी, मुंबईहून क्रूझ निघते ना, तुमच्या दोघांचं बुकिंग करू? लग्नाच्या वाढदिवसाचं माझ्याकडून गिफ्ट.”

क्लेमेंटीन म्हणाली, “पान्यावर जाऊन काय बघू? पानी दारातच हाय.”

झालं. विषय संपला. पण युजीनला ते लागलं. आपलं अर्ध्याहून जास्त आयुष्य जिथे गेलं ते या बाईने पाहिलं नाही, आणि पाहायची इच्छाही नाही? त्याचं मागणं काही मोठं नव्हतं. तिने एकदा, फक्त एकदा, पॅसेंजर होऊन खुर्चीत बसावं, मेनू हातात घ्यावा, काय हवं ते सांगावं, आणि आपण ते आणून तिच्यापुढे ठेवावं. साऱ्या जगाला वाढलं, घरच्या माणसाला वाढायचं राहिलं. या एका गोष्टीने तो रात्रंदिवस कुढायला लागला.

रविवारी चर्चची मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारात बोटीवरून रिटायर झालेल्यांचा अड्डा जमतो. तिथे युजीनने बोलून दाखवलं. “बाया बोटीवर येत नसतील तर बोट बायांपाशी आणूया.”

बर्नार्डने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. बर्नार्ड गॅलीतला माणूस, बोटीवरचा मोठा आचारी. पण बेत डोक्यात शिरल्यावर त्याचेच डोळे जास्त चमकायला लागले. राजोडीला समुद्राला लागून एकाचं छोटं रिसॉर्ट होतं. शनिवार-रविवार सोडून ते मोकळंच असतं. तिथला हॉल घ्यायचा, आपण स्वयंपाक करायचा, आपण वाढायचं, आणि आपापल्या बायकांनी पॅसेंजर म्हणून यायचं. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं. आठवडाभर हे म्हातारे शाळेच्या गॅदरिंगसारखे झपाटले होते. पेट्यांतून जुने युनिफॉर्म निघाले. कोट अंगावर चढले, बटणं मात्र कुणाचीच लागेनात. कंपनीने आटणारं कापड दिलं असा निष्कर्ष सर्वानुमते निघाला.

बायकांना एकच सूचना होती. काही आणायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

“म्हाताऱ्यांना चळ लागलाय,” क्लेमेंटीन रिचेलला म्हणाली. पण कपाटातली निळी साडी तिने काढली. आईला सोबत म्हणून रिचेलही आली.

त्या दिवशी दुपारपासून युजीन हॉलमध्ये होता. पांढऱ्या चादरी टेबलांवर टाकून त्याने त्यांच्या कडा तळहाताने सरळ केल्या, ग्लास उजेडात धरून पुसले, नॅपकिनचे पंखे केले. खिडकीतून सुरूच्या झाडांमागे समुद्र दिसत होता. ओहोटी लागली होती. तेवढ्यात वारा आला, टेबलावरच्या चादरी फडफडल्या, आणि क्षणभर त्याला पायांखालची जमीन हलल्यासारखी वाटली. त्याचे गुडघे आपोआप झुकले. मग जमीन काही हललेली नाही हे ध्यानात येऊन तो तसाच थोडा वेळ उभा राहिला. फार वर्षांनी आपल्या जागी आल्यासारखं वाटत होतं. डोळे भरून आले. बर्नार्डला दिसू नये म्हणून त्याने आणखी एक ग्लास पुसायला घेतला.

दिवेलागणीला बाया आल्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी, आणि पिशवीत डबा. कुणाकडे सुक्या जवळ्याची चटणी, कुणाकडे वडे, कुणाकडे लोणचं. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून. दारात सफेद हातमोजे घालून उभा असलेला युजीन पुढच्या बाईला टेबलाशी घेऊन गेला आणि त्याने तिची खुर्ची मागे ओढली, तर तिला वाटलं खुर्ची दुसऱ्या कुणासाठी नेताहेत. ती म्हणाली, “घ्या, घ्या, मी उभी राहते.” दोघी-तिघी सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. बर्नार्डने त्यांना झारा दाखवून बाहेर काढलं. शेवटी सगळ्या बसल्या, पण अशा बसल्या की कधीही उठता यावं. कुणीही पाठ टेकली नव्हती.

मग मेनू वाटले. रिचेलने ते छान छापून आणले होते. सूप दोन प्रकारचं, नंतर रावसाचा तुकडा लिंबाच्या सॉसमध्ये किंवा भाजलेलं चिकन, शेवटी पुडिंग. युजीन पहिल्या टेबलाशी गेला, किंचित वाकला आणि बोटीवरच्या आवाजात म्हणाला, “गुड इव्हनिंग, मॅडम. काय घेणार? मासा की चिकन?”

“जे असंल ते चालंल.”

“दोन्ही आहे, मॅडम.”

“मग जे जास्त असंल ते.”

शेजारचीला विचारलं. ती म्हणाली, “मला काय, उरलंसुरलं दे.” तिसरी म्हणाली, “आधी बाकीच्यांचं होऊ दे.” देवळात फादरच्या मागे प्रार्थना म्हणावी तसं सगळं सलून एकाच सुरात उत्तर देत होतं. चालंल. चालंल. काय बी चालंल. जगभरच्या नाठाळ पॅसेंजरांना सरळ केलेले ते म्हातारे वेटर हातात कोरे कागद घेऊन स्वयंपाकघरात परतले.

बर्नार्ड भडकला. “ ‘चालंल’ नावाचा पदार्थ माझ्याकडं नाय! साऱ्या दुनियेला रांधून घातलं, एवढी गरीब गिऱ्हाइकं नाय बघितली. जा, नीट आर्डर घेऊन या!”

युजीन हसला, पण क्लेमेंटीनच्या टेबलाशी पोचेपर्यंत त्याचं हसू विरलं. ती शेवटच्या टेबलावर, रिचेलच्या शेजारी बसली होती. मेनू तिने न उघडताच बाजूला ठेवला होता आणि नॅपकिनने टेबलावर नसलेला डाग पुसत होती.

“मॅडम?” तो म्हणाला.

“मला नको विचारू. रिचेलला विचार, तिला भूक लागली असंल.”

“मी तुला विचारतोय.”

“चालंल काय बी. तुला ठाऊक हाय की मला काय चालतं ते.”

युजीनने लिहायला पेन टेकवलं. त्याला ठाऊक नव्हतं. हे त्याला त्याच क्षणी, त्या टेबलाशी उभं असताना कळलं. फ्लोरिडाच्या मिसेस हॅलोरनला थंड चहा लागायचा, पण त्यात बर्फ चालायचा नाही. एका जर्मन म्हाताऱ्याला पाव दुसऱ्या बाजूनेही भाजलेला लागायचा. कुणाला कांदा वर्ज्य, कुणाला मीठ कमी, कुणाला सुपात लिंबाची फोड. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी हे सगळं त्याला पाठ असायचं, न विचारता पुढ्यात यायचं, आणि पॅसेंजर म्हणायचे, युजीन, तुला कसं कळलं? इतक्या लोकांची जीभ ओळखणाऱ्याला आपल्या बायकोला काय आवडतं ते सांगता येत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

“डॅडी, ती ऑर्डर देणार नाही,” रिचेल म्हणाली. “तुम्हीच काहीतरी आणा.”

तो विचार करत आत गेला. तोवर बाकीच्या वेटरांनी आपल्याच मनाने टेबलांवर मासा नाही तर चिकन वाढायला घेतलं होतं. एक गोष्ट त्याला आठवत होती. घरी मोठा मासा आला की मधला जाड तुकडा नेहमी त्याच्या ताटात यायचा, आणि क्लेमेंटीनच्या वाट्याला डोकं. बिचारी. सगळा जन्म चांगलं ते दुसऱ्याला दिलं आणि हाडं चोखली. त्याने बर्नार्डला सांगितलं, रावसाचा सगळ्यात जाड, मधला, काटा नसलेला तुकडा दे. बर्नार्डने तो लोण्यात परतला, वर सॉस घातला, बाजूला कोथिंबिरीची काडी. युजीनने थाळी झाकणाखाली नेली, क्लेमेंटीनच्या उजव्या बाजूने समोर ठेवली आणि झाकण उचललं. शेजारपाजारच्या बाया ‘आई गो’ म्हणाल्या.

क्लेमेंटीनने थाळीकडे बघितलं. मग ती थाळी तिने हळूच रिचेलकडे सरकवली. “खा गं तू.”

हेड वेटरने पॅसेंजरशी आवाज चढवायचा नसतो, पण युजीनचा चढला. “अगं, एक दिवस तर तुझ्यासाठी घे! कधी नाय ते मी तुला वाढतोय. किती दिवस दुसऱ्याला देऊन तू डोकं खात बसणार?”

हॉलमधले काटे हवेत थांबले. क्लेमेंटीनने मान वर केली. बाजारात कुणी मासळी दाबून ‘शिळी आहे का’ विचारलं की तिच्या तोंडावर यायचा तोच भाव आला.

“कोनी सांगितलं तुला मी दुसऱ्याला देते म्हनून? डोकं मला आवडतं!”

“काय?”

“मधला तुकडा म्हंजे नुसता भुसा. त्याला ना रस, ना चव. गिऱ्हाइकांना जाड तुकडे विकले आनि जन्मभर डोकं माझ्यासाठी राखून ठेवलं. एवढं मासळीवालीचं सुख मी कोनाला देनार नाय. आनि तू मला बिचारी समजतोस?” तिने टेबलावर बोट आपटलं. “तू पाहुना व्हतास घरात. पाहुन्याला चांगला तुकडा वाढायचा म्हनून वाढला. आवडतं कोनाला तो?”

“मला पन आवडत नाय!” युजीन म्हणाला.

क्लेमेंटीनने टेबलावरचं बोट मागे घेतलं.

“बोटीवर पॅसेंजरला डोकं कोन देनार? गॅलीतली सगळी डोकी खाली आमच्या मेसमध्ये यायची. आम्ही वसईची पोरं त्याच्यावरनं भांडायचो. चिंच घालून बर्नार्ड असलं कालवण करायचा, जिन्यापर्यंत वास जायचा. घरी आलो की तुझ्यासाठी काढून ठेवलेलं डोकं दिसायचं, तोंडाला पानी सुटायचं. पन वाटायचं, हिच्या वाट्याला तेवढंच हाय, मागायचं कसं?”

“आनि तू मुकाट भुसा खायचास?”

“मुकाट.”

क्लेमेंटीन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या पोटातून जे हसू आलं ते आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिचं बघून सगळं सलून हसायला लागलं. रिचेल तर खुर्चीतून घसरायच्या बेतात होती. “एवढी वर्षं!” ती म्हणत होती. “मम्मी, एवढी वर्षं तुम्ही दोघं!”

हसू ओसरल्यावर क्लेमेंटीनने मेनू उचलला, उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि मिटला. खुर्चीला पाठ टेकली. “वेटर,” ती म्हणाली, “याच्यात डोकं कुठं हाय?”

“मेनूत नाही, मॅडम.” युजीन किंचित वाकला. “पण बघतो.”

बोटीवर पॅसेंजरला नाही म्हणायचं नसतं. तो जवळजवळ धावतच आत गेला. रावसांची डोकी बर्नार्डने टाकली नव्हती. आपल्या माणसांना मागाहून जेवायला म्हणून त्याने मागच्या चुलीवर चिंच-मिरचीत कालवण चढवलं होतं. टोपाभोवती दोघे-तिघे वाटीचमचा घेऊन रेंगाळत होते. युजीनने झाकण काढलं आणि सगळ्यात मोठं डोकं निवडलं.

“ए, ते क्रूचं हाय!” बर्नार्ड ओरडला.

“पॅसेंजरची आर्डर हाय.”

“खरी आर्डर? तोंडानं सांगितली?”

“तोंडानं.”

बर्नार्डने हात पुसले, पांढरीशुभ्र मोठी थाळी काढली, तिची कड फडक्याने चमकवली आणि डोकं तिच्यात असं ठेवलं की जणू ते कॅप्टनच्या टेबलाला चाललं होतं. वर रस्सा घातला. कोथिंबिरीची काडी लावायला गेला, मग नको म्हणाला.

थाळी समोर आली तशी क्लेमेंटीनने काटा, सुरी आणि नॅपकिन तिन्ही उचलून रिचेलच्या बाजूला ठेवले. बांगड्या मागे सारल्या. दोन्ही हातांनी डोकं मधोमध उघडलं, गालातला मऊ गोळा अंगठ्याने काढला आणि तोंडात टाकून डोळे मिटले. मग हाडांच्या फटीत जीभ घालून रस ओढला. आवाज होत होता. तिला पर्वा नव्हती. रस्सा मनगटावरून ओघळला तोही तिने चाटून घेतला. मध्येच ती स्वतःशीच मान डोलवत होती. आजूबाजूच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि एक जण धीर करून म्हणाली, “युजीन, मला पन ते आन. माझं चिकन ने परत.”

युजीनला ते ऐकूही गेलं नाही. वेटरने पॅसेंजरच्या पाठीमागे, भिंतीशी उभं राहायचं असतं. तो मात्र टेबलाला वळसा घालून तिच्या समोर येऊन उभा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण क्लेमेंटीनला जेवताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. सुट्टीवर आला की तो आधी जेवायचा, ती वाढायची, आणि मग त्याचं ताट घेऊन आत जायची. रिटायर झाल्यावरही तेच चालू राहिलं. आतल्या खोलीत ती काय खाते, कशी खाते, हसते की गप्प असते, हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. आपलं आयुष्य हिने पाहिलं नाही म्हणून तो कुढत बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी असं काही भरून आलं की आनंद झाला की रडू येतंय ते कळेना.

तिने डोळे उघडले. ओठांच्या कडेला रस्सा लागला होता.

“काय बघतोस?”

“काय नाय.” त्याने हात मागे बांधले. “आणखी काही, मॅडम?”

“हां,” क्लेमेंटीन म्हणाली. “भात आन. आनि दोन पानांचा आन, तू बी बस.”